बुरखा, ओढणी आणि दारावरचा माणूस



मुसलमान बायकांच्या बुरख्याचा विषय निघाला की आपल्या गटांमधली चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक म्हणते, बुरखा हे गुलामीचे चिन्ह, तो उतरल्याशिवाय मुक्ती नाही. दुसरी म्हणते, हा त्यांच्या धर्माचा मामला, आपण त्यात बोलायला नको. तासभर वाद होतो, चहा होतो, बैठक संपते. बुरख्यातली बाई मात्र होती तिथेच उभी असते. अंगणवाडीच्या रांगेत, परीक्षा केंद्राच्या फाटकाशी, नाहीतर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर एका हाताने बुरखा आणि दुसऱ्या हाताने पोर सांभाळत.

अंबड, परतूर, मंठा, भोकरदन या बाजूला फिरताना बायका मला जे प्रश्न विचारतात ते या वादात कुठेच बसत नाहीत. ते फार साधे असतात. आधारच्या फोटोला नकाब वर करावा लागेल का? पोरीला बोर्डाच्या परीक्षेत ओढणी घेऊ देतील का? उन्हाळ्यात मानेवर, पाठीवर घामोळ्यांची पुरळ उठते, कोणते कापड घ्यावे? नवरा म्हणतो बुरखा घालूनच बैठकीला जा, आणि बैठकीतल्या ताई म्हणतात इथे तरी काढून मोकळी बस. मग मी कोणाचे ऐकू? यावेळचे संपादकीय मी या प्रश्नांना देणार आहे.

आधी माझे सांगून टाकते, म्हणजे कोणी तर्क करत बसायला नको. मी डोक्यावर ओढणी घेते, बुरखा घालत नाही. माझ्या अम्मीने जन्मभर दोन भागांचा काळा बुरखा वापरला. धाकटी बहीण चेहराही झाकते आणि बँकेची सगळी कामे स्वतः करते. एकाच घरात तीन तऱ्हा. आम्हा तिघींमध्ये यावरून जेवढी भांडणे झाली त्याहून जास्त भांडणे स्वयंपाकघरातल्या कामावरून झाली असतील.

बुरखा ही एकच एक वस्तू आहे, आणि मुसलमान बाई म्हणजे ती वस्तू घातलेली बाई, हा समज पहिल्यांदा सोडायला हवा. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती आणि त्यात सुमारे १४ टक्के मुसलमान. त्यातल्या कितीतरी बायका मजूर आहेत. कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांकडे एकदा नीट पाहा. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा सदरा आणि डोक्याला घट्ट बांधलेले फडके. मराठा, बौद्ध, वंजारी, मुसलमान, सगळ्यांचा वेश एकच, कारण कापसाची बोंडे सगळ्यांना सारखीच ओरबाडतात. त्यातली मुसलमान बाई बुरखा घालते ती आठवडी बाजाराला जाताना, दवाखान्यात जाताना, माहेरी जाताना. घरात जरा पैसा आला, नवऱ्याचे शहरात दुकान झाले, की शेतात जाणे सुटते आणि बुरखा रोजचा होतो. हे काही एकट्या मुसलमानांचे नाही. ‘गोषा’ हा शब्द आपल्या मराठीतच आहे. तो फारसीतून आला, अर्थ कोपरा. घरंदाज म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांत बायका गोषात असत, आणि ज्या घरची बाई रानात राबते ते घर हलके मानले जाई. बाईचे अंग जितके झाकलेले तितकी घराची इज्जत मोठी, हा हिशेब धर्माआधी प्रतिष्ठेचा आहे. आजही कितीतरी सुना सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. आपण त्याला रीत म्हणतो आणि बुरख्याला मागासलेपण.

आणखी एक गंमत पाहा. मार्च उजाडला की मराठवाड्यातल्या कॉलेजच्या मुली स्कूटीवर बसताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, वर सनकोट, हातमोजे, गॉगल. डोळेसुद्धा दिसत नाहीत. त्यांना कोणी अडवत नाही, आणि अडवूही नये. ऊन आहे, धूळ आहे, टपरीवरच्या नजरा आहेत. त्याच रस्त्यावर काळ्या कपड्यातली मुलगी तेवढेच झाकून गेली की ती ‘प्रश्न’ होते. तेव्हा अडचण झाकलेल्या चेहऱ्याची नसून चेहरा कोणाचा आहे याची आहे, हे आपण स्वतःशी तरी मान्य करावे.

धर्मात काय सांगितले आहे यावर मी फार वेळ घालवणार नाही. कुरआनच्या ‘नूर’ या सूरेत नजर खाली ठेवण्याची आज्ञा तिसाव्या आयतीत पुरुषांना आहे आणि त्यानंतर एकतिसाव्यात बायकांना; मोहल्ल्यातल्या भाषणांत पहिली आयत सहसा ऐकू येत नाही. चेहरा झाकावा की नाही यावर उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत, आणि हजला गेलेली बाई इहराममध्ये असताना नकाब लावत नाही हे तर सर्वांना ठाऊक आहे. एवढे माहीत असले की घरातल्या वादात बोलायला आधार मिळतो. पण बाईला दहावीपर्यंत पोचवायचे असेल तर आयतींइतकाच फाटकावरच्या माणसाचा विचार करावा लागतो. तिकडेच वळते.

डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकातल्या उडुपीला एका सरकारी कॉलेजात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गाबाहेर ठेवले. ५ फेब्रुवारी २०२२ ला तिथल्या सरकारने गणवेशाचा आदेश काढला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. न्या. हेमंत गुप्ता यांना बंदी योग्य वाटली, न्या. सुधांशु धुलिया यांनी मुलीचे शिक्षण पुढे ठेवले आणि बंदी नाकारली. त्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या बीड शहरात फलक लागला होता: ‘पहले हिजाब, फिर किताब’. मला तेव्हा दोन्हीकडचा राग आला. तिकडे सरकार म्हणत होते हिजाब काढ, मग पुस्तक. इकडे फलक म्हणत होता हिजाब घाल, मग पुस्तक. दोघांनीही पुस्तक दुसऱ्या क्रमांकावर ठेवले. त्या मुली तर पुस्तक हातात घेऊनच आल्या होत्या!

महाराष्ट्रात हे मुंबईपर्यंत आले. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ले यांना मनाई केली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांपुरती त्या आदेशाला अंतरिम स्थगिती दिली. टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असे न्यायालयाने विचारले. वर्गात बुरखा किंवा चेहरा झाकणारा नकाब मात्र चालणार नाही असेही सांगितले. आपल्या कार्यकर्त्यांनी यातून कामापुरते घ्यायचे ते असे: डोके झाकणे आणि चेहरा झाकणे या न्यायालयाच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेशी बोलताना त्या एकत्र करू नका आणि मुख्याध्यापकांनाही करू देऊ नका.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय चालते? बहुतेक मुली घरून बुरखा घालून निघतात, शाळेत पोचल्यावर काढतात, गणवेशावर ओढणी घेऊन वर्गात बसतात आणि सुटल्यावर पुन्हा घालतात. म्हणजे मुलीने घर आणि शाळा या दोघांशीही आपापला करार करून टाकलेला आहे. तो मोडतो कुठे? बुरखा काढायला जागा नसते तिथे. मुतारीच्या भिंतीआड, नाहीतर फाटकाशी, रिक्षावाल्यांच्या डोळ्यांदेखत काढावा लागला की मुलगी दोन दिवस येते, तिसऱ्या दिवशी येत नाही. घरचे म्हणतात, राहू दे. आणि नववीतून नाव कटते ते कायमचे. म्हणून माझी सूचना आहे की शाळा व्यवस्थापन समितीत आपली जी बाई असेल तिने धर्मस्वातंत्र्यावर भाषण न करता एक खोली मागावी. कडी लागणारे दार, एक आरसा, दहा-बारा खुंट्या. ही खोली पाळीच्या दिवसांत सगळ्या मुलींना उपयोगी पडते, त्यामुळे मागणीला हिंदू पालकांचीही साथ मिळते.

परीक्षांचे वेगळे आहे. १७ जुलै २०२२ ला नीट परीक्षेच्या दिवशी वाशीममध्ये बुरखा-हिजाब काढायला लावल्याची तक्रार मुलींनी पोलिसांत केली. नीटच्या नियमांत तर परंपरेचा पोशाख घालणाऱ्या उमेदवारांनी तपासणीसाठी लवकर यावे अशी तरतूद आहे, आणि मुलींची झडती बाईनेच, आडोशाला घ्यायची आहे. २०१६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशाच प्रवेशपरीक्षेसाठी हिजाब आणि पूर्ण बाह्यांची मुभा दिली, अट एवढीच की मुलीने अर्धा तास आधी येऊन तपासणी करू द्यावी. दहावी-बारावीच्या परीक्षांत बुरख्याला बंदी करावी असे पत्र जानेवारी २०२५ मध्ये राज्याचे एक मंत्री नितेश राणे यांनी शिक्षणमंत्र्यांना लिहिले. मंत्र्याचे पत्र म्हणजे नियम नव्हे. पण पत्राची बातमी वाचून एखादा केंद्रसंचालक आपल्या मनाने फाटकावर कायदा करतो आणि पेपर सुरू व्हायला दहा मिनिटे असतात, तेव्हा मुलगी कोणाकडे जाणार? हुज्जत घालायची वेळ ती नव्हे. तिथे ‘नियम लेखी दाखवा’ एवढेच म्हणावे, बाई कर्मचाऱ्याकडून बाजूला तपासणी करून घ्यावी आणि आत जाऊन पेपर लिहावा. तक्रार आपण संध्याकाळी करू, सह्यांनिशी करू.

चेहरा दाखवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे, आणि ते काही बहिणींना कडू लागेल. जिथे ओळख पटवायची आहे तिथे चेहरा दाखवावा लागतो. पासपोर्टच्या फोटोत धर्मामुळे डोके झाकलेले चालते, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा मोकळा हवा. आधारचेही तसेच. यात अपमान नाही. अपमान आहे तो कोणासमोर आणि कसा दाखवायला लावतात त्यात. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार घेताना लाभार्थी बाईचा चेहरा सेविकेच्या मोबाइलवर टिपून ओळख पटवावी लागते. सेविका बाईच असते, त्यामुळे काम अवघड नाही. पण वाटप उंबरठ्यावर होते, समोर पारावर गावातले पुरुष बसलेले, आणि सहा महिन्यांची गरोदर बाई नकाब वर न करता रिकाम्या हाताने घरी जाते. सेविकेला एवढेच सांगायचे आहे की फोटो आत घ्या, दार लोटून घ्या. पाच मिनिटांच्या कामासाठी पोटातल्या मुलाचा आहार बुडू नये.

मतदानाचेही नियम आपल्या बाजूचे आहेत, पण ते बायकांना कोणी सांगत नाही. पडदानशीन मतदार बऱ्याच असतील तिथे महिला मतदान अधिकाऱ्याने आडोशाला, त्यांचा मान राखून ओळख पटवावी आणि शाई लावावी, असे केंद्राध्यक्षांच्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला नकाब वर करायला लावण्याचा अधिकार नाही. प्रतिनिधीला शंका असेल तर त्याने दोन रुपये भरून आक्षेप घ्यावा, निर्णय केंद्राध्यक्षाचा. १३ मे २०२४ ला जालन्यात लोकसभेचे मतदान चालू होते. त्याच दिवशी हैदराबादेत एका उमेदवार बाईंनी केंद्रात बसलेल्या बायकांना नकाब वर करायला लावून त्यांची ओळखपत्रे तपासली. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला.

आता कापडाकडे येते. हा भाग ‘स्त्रीमुक्ती’च्या पानांत शोभत नाही असे कोणाला वाटेल, पण आमच्या शिबिरांत सर्वांत जास्त प्रश्न याचेच असतात. बाजारात तयार मिळणारे बुरखे बहुतेक पॉलिस्टरचे. कापड सुंदर पडते, इस्त्री लागत नाही, स्वस्त असते, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की अंगाला वाफ धरते. काळ्या रंगाला फार दोष देऊ नका. वाळवंटातल्या बदाऊन लोकांच्या काळ्या झग्यांवर १९८० मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. झगा काळा असो की पांढरा, सैल असला तर अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच राहते, कारण आतून हवा खेळते. मुद्दा सैलपणाचा आहे. आपल्याकडे आत सलवार-कमीज, त्यावर अस्तराचा बुरखा, डोक्याला टोपी, वर ओढणी, त्यावर नकाब. हवा खेळणार कुठून? सुती किंवा रेयॉनचे कापड घ्या, अस्तर काढून टाका, काखेत पेहरणीसारखी चौकट ठेवायला शिंप्याला सांगा. घरून निघतानाच कमीजऐवजी पातळ सुती झंपर घातला तरी चालतो. वर बुरखा असतोच. डोक्यासाठी मलमल बरी. जॉर्जेट घसरते, मग टाचण्या लागतात. टाचण्यांबद्दल सांगते: ओढणी बांधताना टाचणी ओठांत धरायची सवय असेल तर आजच सोडा. बोलता-हसताना ती श्वासनलिकेत गेल्याच्या घटना निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत, आणि त्यात तरुण मुलीच जास्त. चिमटा किंवा टिचबटण लावा.

मोटारसायकलच्या चाकात ओढणी, पदर, बुरखा अडकून मान आवळते, बाई खाली पडते. हे धर्म पाहून होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकणारे संरक्षक लावणे बंधनकारक आहे. आपली पोरे गाडी आणली की पहिल्यांदा तेच काढून टाकतात, दिसायला चांगले दिसत नाही म्हणून. ते परत बसवून घ्या. बसताना बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली दाबा. हेल्मेटातून सूट फक्त पगडी घातलेल्या शिखांना आहे. स्कार्फवर हेल्मेट बसते, त्यासाठी स्कार्फची गाठ मागे न घेता खाली मानेशी घ्यावी. सायकलवर जाणाऱ्या मुलींनी चेनकव्हर असल्याशिवाय बुरखा घालून पायडल मारू नये.

खेळाचे दोन शब्दांत. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये डोके झाकून खेळायला परवानगी दिली. तेव्हा खो-खोच्या मैदानात घट्ट टोपी आणि पूर्ण पायजमा घातलेल्या मुलीला क्रीडाशिक्षकांनी का बसवून ठेवावे?

या सगळ्या सोयींची चर्चा करून मी बुरख्याची सक्ती खपवून घेते आहे का, असे विचारले जाईल. नाही. बुरखा घातला नाही म्हणून मारहाण, उपाशी ठेवणे, खर्चाचे पैसे बंद करणे, माहेरी हाकलणे ही हिंसा आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. बाई बुरखा काढू इच्छित असेल तर तिच्या मागे उभे राहणे हे आपले काम, आणि ते नुसत्या टाळ्या वाजवून होत नाही. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात तिच्याशी कोण बोलणार, तिच्या पोरीच्या सोयरिकीचे काय, याची जबाबदारी घेणार असाल तरच तिला पुढे ढकला. इराणमध्ये १९३६ साली शाहच्या हुकुमाने पोलीस रस्त्यात बायकांच्या चादरी ओढत होते. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथेच डोके झाकण्याची सक्ती आली आणि १६ सप्टेंबर २०२२ ला महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी त्यापायी पोलिसांच्या ताब्यात असताना दगावली. आजी आणि नात, दोघींनाही पोलिसानेच कपडे शिकवले.

दंगलींचा अनुभवही विसरता येत नाही. जमातवाद्यांची भाषणे वाढली, मोहल्ल्यात भीती बसली, की पहिला परिणाम मुलींच्या बाहेर पडण्यावर होतो. १९९२-९३ नंतर हे आम्ही पाहिले. भाऊ सांगतो बुरख्याशिवाय जायचे नाही. आणि बाहेर बुरखा पाहूनच शेरे मारणारे उभे असतात. घाबरलेल्या घरातल्या मुलीला ‘काढून टाक’ म्हणणे सोपे आहे. तिच्यासोबत बसस्टँडपर्यंत चालत जाणे जास्त कामाचे.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा काढला तेव्हा प्रश्न तोंडी तलाकचा होता, सवतीचा होता. तोंडी तलाक बेकायदा ठरायला २०१७ साल उजाडले. आजही गटात येणाऱ्या बायका बोलतात त्या नफ्याच्या पैशांबद्दल, मेहरबद्दल, दारूबद्दल, मुलीच्या फीबद्दल. बुरख्याचा विषय बहुतेक वेळा आपण काढतो.

तेव्हा गटांनी आपल्या बैठकांकडेही जरा पाहावे. बुरखा घालून बसायचे की काढून, हे येणारीवर सोडा. ठेवायला मात्र एक दोरी बांधून ठेवा. पुरुष पाहुणा बोलावला असेल तर आधी कळवा. आणि फोटो! कार्यक्रमात बुरख्यातल्या दोघी-तिघी दिसल्या की मोबाइल त्यांच्याकडेच वळतात, कारण अहवालात ‘सर्वधर्मीय’ दिसायचे असते. मग ज्या बाईने काढून बसण्याचे धाडस केले तिचाच फोटो संध्याकाळी नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पोचतो. विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात. प्रत्येक तालुक्यातल्या दोघी-तिघींनी जानेवारीतच केंद्रसंचालकांना भेटून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: तपासणीला बाई कर्मचारी कोण असेल, आडोसा कुठे असेल, आणि ओढणीबाबत काही लेखी सूचना आली आहे का. मिळालेली उत्तरे तारीख घालून लिहून ठेवावीत आणि मुलींच्या घरी जाऊन वाचून दाखवावीत, बापासमोर. पेपरच्या पहिल्या दिवशी आपल्यापैकी एक जण तासभर आधी फाटकावर असू द्या. सोबत पाण्याची बाटली आणि चार चिमटे घ्या.

संपादक मंडळासाठी